गरम झाल्यावर मिस मारणारी मारुती ८००

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कार्बोरेटरवर चालणारी एक जुनी मारुती ८०० आजही घरची गाडी म्हणून वापरात आहे, आणि तिच्या इंजिनातला एक दोष बराच काळ कोणालाच सापडत नव्हता. सकाळी थंड इंजिन सुरळीत चालायचे. यवतमाळपर्यंत जाऊन आल्यावर मात्र ते स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसते चालू असताना, थरथरू लागायचे (यालाच मिस मारणे म्हणतात) आणि थोडी रेस दिली की थरथर नाहीशी व्हायची. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका गॅरेजमध्ये प्लग, हायटेन्शन वायरी, इग्निशन कॉइल असे एकेक सामान नवे पडत गेले, कार्बोरेटरही खोलून धुतला गेला, परंतु दोष जागचा हलला नाही. लक्षण काय सांगते हे न पाहता सुटे भाग बदलत राहणे ही आपल्याकडची फार महागात पडणारी पद्धत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की जो तो पेट्रोलच्या वाफेला दोष देतो. ते निराधार नाही, कारण या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनलाच लागून असल्यामुळे पेट्रोल तापते आणि नळीत वाफ अडकू शकते. मात्र वाफ अडकली तर पुरवठा तिन्ही सिलिंडरांचा तुटतो आणि गाडी गचके खात बंद पडते. आमच्या गाडीची थरथर एका ठेक्यात होती. तीन सिलिंडरांच्या या इंजिनात क्रँकशाफ्ट दर २४० अंश फिरला की एक सिलिंडर पेटतो. मिनिटाला साधारण ८५० फेऱ्यांच्या स्लोवर प्रत्येक सिलिंडरची पाळी सेकंदाला सुमारे सात वेळा येते. त्यातला एकच नीट पेटत नसेल तर असा नियमित ठेका लागतो, म्हणून शोध एका सिलिंडरापासून सुरू करणे योग्य होते.

तो सिलिंडर ओळखण्याची रीत जुनी आणि भरवशाची आहे. इंजिन स्लोवर ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एका वेळी एकाच प्लगची वायर काढायची. काढलेली वायर मोकळी लोंबू न देता तिला एक जादा प्लग जोडून त्याचे अंग इंजिनच्या धातूला टेकवायचे, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची वायर काढताच इंजिन बंद पडायला आले, तिसऱ्याची काढल्यावर आवाजात फरकच पडला नाही. मग तिसऱ्याचा प्लग पहिल्यात घातला, वायरींची अदलाबदल केली, पण दोष तिसऱ्यातच राहिला. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत आतून केसासारखी काळी रेघ उमटली आहे का, हेही उजेडात नीट पाहिले. टोपी स्वच्छ होती. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडांवरून फिरवले, तेव्हा हवा ओढल्याचा सूं आवाज कुठेही आला नाही.

या टप्प्यावर दारव्ह्याच्या एका वयस्क मिस्त्रींनी जे सांगितले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. ते म्हणाले, "भाऊ, चढावर काही त्रास नाही, स्लोमधीच मिस मारून राह्यली, मंग करंटले कायले दोष देता? कॉम्प्रेशन पाहा." करंट म्हणजे ठिणगीची बाजू, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. यामागचे शास्त्र पक्के आहे. गाडीवर भार पडला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते. म्हणून कमजोर प्लग, वायर किंवा कॉइल आधी चढावर उघडे पडतात. व्हॉल्व्हमधून, म्हणजे सिलिंडरच्या झडपेतून, होणारी गळती याच्या नेमकी उलट वागते, कारण स्लोवर दाब गळून जायला वेळ मिळतो आणि फेरे वाढले की तो मिळत नाही.

इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडून प्लगच्या जागी दाब मोजणारा गेज लावला. पहिल्या दोन सिलिंडरांचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर १२ किलोच्या आसपास होता, तिसऱ्याचा ८ वर थांबला. प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजले तरी आकडा वाढला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून तो वाढला असता. संशय व्हॉल्व्हवर आला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर वरचे झाकण काढले, तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यातल्या फटीत, सर्वांत पातळ फीलर गेजही (फट मोजायची पत्री) शिरत नव्हता. इंजिन थंड असतानाच फट उरली नव्हती, मग इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी लांबली की व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे बसायच्या कड्यावर, पूर्ण टेकणार कसा?

कारण गाडीच्या पूर्वायुष्यात सापडले. आधीच्या मालकांकडे ती नागपुरात बरीच वर्षे एलपीजीवर चालली होती. या कोरड्या इंधनावर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) खोल बसत जातो, त्याची दांडी तेवढीच वर सरकते आणि टॅपेटची फट मिटते. टॅपेट सैल झाला तर वाजतो, त्यामुळे लक्ष जाते; घट्ट झालेला आवाज करत नाही, उलट इंजिन अधिक शांत वाटते, आणि म्हणूनच तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

मिस्त्रींनी सहाही टॅपेटांची फट कंपनीच्या मापानुसार लावली. गरम इंजिनवर तिसऱ्याचा दाब ११ पर्यंत आला आणि थरथर थांबली. व्हॉल्व्ह जळला असता तर हेड उतरवण्याला पर्याय नव्हता. सीट मात्र झिजलेलीच आहे, त्यामुळे ही फट आता दर सर्व्हिसिंगला मोजली जाते. ती पुन्हा भराभर कमी होऊ लागली तर हेड यवतमाळला नेऊन नवी सीट बसवून घेण्याचे आम्ही ठरवले आहे.