तारा लावलेल्या लेकरांच्या हिरड्या

आज लातूरला लेकीच्या दातांची सफाई करून आणली. तारा बसवल्यापासून ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून ती तिथं ब्रशच लावंना. डॉक्टरबाईंनी आरसा हातात देऊन दाखवलं: ब्रॅकेटच्या (तार धरायला दाताला चिकटवलेल्या बारक्या पट्टीच्या) कडेनं, हिरडीला लागून पिवळट थर. रक्त त्या थरामुळं येतं. ब्रश थांबवला की सूज आणखी वाढते. मग तार काढून मशीननं सगळं स्वच्छ केलं, तार परत बसवली. आत्याबाई म्हणत होत्या, सफाईनं दात हलतात. तसं काही नसतं, निघतं ते साठलेलं कीटण. तारेखालून फिरणारा बारीक इंटरडेंटल ब्रशही आणलाय. तुमच्या लेकरांना तारा असतील तर हिरड्या उजेडात बघा. लाल, फुगलेल्या दिसल्या तर सफाईसाठी तारा निघायची वाट बघू नका.