आमच्या बाजूनं बोलणारा एजंट

२०२५ च्या जूनमध्ये बेळगावच्या वडगावातल्या एका घरासाठी आम्ही ५०,००० रुपये संचकार, म्हणजे विसार, देऊन बसलो. घर दाखवणारा एजंट घरमालकाच्या ओळखीतला होता. "ताई, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. आज काहीतरी हातावर ठेवा, घर तुमचंच," असं म्हणाला आणि आम्ही ठेवले. आठ दिवसांनी कळलं की घर मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. मृत्युपत्र नाही. दोन बहिणी आहेत, एक चंदगडला दिलेली, एक गडहिंग्लजला. घर विकायला काढलंय हे त्या दोघींच्या कानावरही गेलेलं नव्हतं.

एजंटाला विचारलं तर म्हणाला, "बहिणींच्या सह्या नंतर घेऊ की, त्यात काय एवढं!" म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. तो मालकाकडून दोन टक्के घेणार होता आणि आमच्याकडूनही दोन टक्के. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, व्यवहार व्हावा. तो कसा होतोय आणि पुढं आमचं काय होणार, हे सांगायची त्याला गरज नव्हती.

बहिणींची सही ही छोटी गोष्ट नाही. घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असो की वडिलोपार्जित, मृत्युपत्र नसेल तर लेकींचा वाटा आहेच. वडिलोपार्जित मालमत्तेत तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मापासूनच हक्कदार झाली. 'वडील २००५ च्या आधीच वारले होते' ही पळवाट सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात बंद केली. आपल्या भागात निम्म्या लेकी चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूरला दिलेल्या. त्या बेळगावात रोज दिसत नाहीत म्हणून भाऊ त्यांना हिशेबात धरत नाहीत. खरेदी झाल्यावर पाच वर्षांनी एखादीनं दावा लावला की कोर्टाच्या पायऱ्या घर घेणाऱ्यानं झिजवायच्या.

संचकारातले ३५,००० आम्हाला तीन महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे सोडून दिले.

त्याच दिवसांत माझा भाचा अमेरिकेहून बोलत होता, त्यानंही नुकतंच घर घेतलं. तो म्हणाला, "मावशी, इथं घेणाऱ्याचा एजंट वेगळा असतो आणि विकणाऱ्याचा वेगळा." तिथं वर्षानुवर्षं दोघांचीही दलाली विकणाऱ्याच्या पैशातून वाटली जायची. त्यावर खटले झाले, तडजोड झाली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्यानं घरं बघायला जायच्या आधीच आपल्या एजंटाशी लेखी करार करायचा, त्यात त्याचे पैसे किती ते आकड्यात लिहायचं, असा नियम लागू झाला. तिथला कायदा वेगळा, तिथली पद्धत वेगळी. पण 'आधी लिहायचं' ही गोष्ट माझ्या मनात बसली.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं एक काका मिळाले. घरी कन्नड बोलणारे, पण टिळकवाडीत वाढल्यामुळं मराठी आपल्यासारखीच. वीस वर्षं हेच काम. मी सरळ विचारलं, "काका, फक्त आमच्याकडून पैसे घ्याल काय? समोरच्याकडून एक रुपया नाही." ते जरा थांबले आणि म्हणाले, "घेईन. पण मग टक्केवारी नको, ठराविक रक्कम सांगा." हे मला सुचलं नसतं. टक्क्यावर काम करणारा आपलाच माणूस असला तरी घर जितकं महाग तितके त्याचे पैसे जास्त. मग तो भाव पाडायला कशाला झटेल? ३०,००० ठरले. १०,००० आधी, २०,००० खाता, म्हणजे पालिकेतली मालमत्तेची नोंद, आमच्या नावावर झाल्यावर. घर मिळालं नाही तर आधीचे दहा परत मागायचे नाहीत. एका कागदावर हे सगळं लिहून दोघांनी सह्या केल्या. त्यांनी खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, 'वकील वेगळा लावावा, मी वकील नाही.' त्या ओळीनं माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांनी दाखवलेल्यापेक्षा नाकारलेली घरं जास्त. मच्छे आणि कंग्राळी बाजूचे तीन प्लॉट तर त्यांनी बघायलाच नेलं नाही. शेतजमीन गुंठ्यांत पाडलेली, एन.ए. म्हणजे बिगरशेती झालेली नाही, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नाही, नोंदणी न करता नुसते बॉण्डवर लिहून दिलेले. "बाई, स्वस्त आहेत, पण हे तुमच्या नावावर कधी होणार नाहीत," एवढंच बोलले.

बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या वसाहतीतलं एक घर मला फार आवडलं होतं. नवा रंग, पुढं तुळशीवृंदावन, आत उजेड. काकांनी आधी घरात पाऊलच टाकलं नाही. बाहेरच्या गल्लीत उभं राहून शेजारच्या आजींना विचारलं, "आजी, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" आजींनी कट्ट्यावरून हात लांब करून दाखवलं. "त्या वरच्या पायरीला लागलं होतं की. चार दिवस माडीवरच होतो आम्ही." मग काका आत आले आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर बोट फिरवलं. रंगाखाली एक आडवी रेघ हाताला लागत होती, वरचा गिलावा गुळगुळीत, खालचा खरबरीत. त्यांनी माझंही बोट धरून तिथून फिरवलं. त्या ऑगस्टमधला पाऊस आम्ही सगळ्यांनी पाहिलाय, पण घर बघायला गेल्यावर माणूस रंग बघतो, रेघ बघत नाही.

शेवटी अनगोळात ३० बाय ४० च्या प्लॉटवरचं घर पसंत पडलं. मालक ५७ लाख म्हणत होते. त्यांचा एजंट वेगळा होता आणि त्यानं पहिल्या भेटीतच सांगितलं, "दोन्हीकडून घ्यायची पद्धत आहे, तुमचेही दोन टक्के धरा." काका शांतपणे म्हणाले, "तुमचे पैसे तुमच्या पार्टीकडून घ्या. यांच्याकडून मी घेतो." आम्हाला एकट्यांना हे बोलता आलं नसतं. ५४ लाखांवर दोन टक्के म्हणजे १,०८,००० रुपये. काकांचे ३०,००० त्यापुढं काहीच नव्हते.

५४ वर कसं आलं ते सांगते. मालकांना मुलाकडं पुण्याला जायचं होतं, हे काकांनी कुठूनतरी काढलं. गच्चीवरच्या टाकीखाली स्लॅब पाझरत होता, तो त्यांनी मालकांसमोरच दाखवला. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत मांडल्या आणि अर्ध्या तासात तीन लाख कमी झाले. मी असते तर त्यांच्या चहाला लाजून ५६ वरच हो म्हटलं असतं.

खरी मदत झाली ती कागदांची. मला कन्नड बोलता येतं, बसच्या पाट्या, बातम्या वाचता येतात. पण दस्तातलं कन्नड वेगळंच. ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या बोजांचा आणि व्यवहारांचा दाखला, काढली तर ती फॉर्म १५ वर आली, म्हणजे मालमत्तेवर नोंदी आहेत. फॉर्म १६ आला असता तर काहीच नोंद नाही असं समजायचं. आमच्या ईसीत २०१४ चं एका सोसायटीचं गहाणखत होतं आणि ते सुटल्याची नोंद कुठंच नव्हती. मालक म्हणाले, "कर्ज कधीच फेडलं." काका म्हणाले, "फेडलं असेल. पण रजिस्टरला सुटलेलं नाही." सोसायटीतून कर्ज फिटल्याचा दस्त करून तो नोंदवायला तीन आठवडे गेले. तोवर संचकार द्यायचा नाही, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं.

बँकेचा वकील होताच. पण तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत काय ते बघतो, हे लोक विसरतात. आम्ही स्वतःचा वकीलही लावला आणि मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला. त्या कागदांत १९५३ च्या खरेदीखताची एक नक्कल निघाली, बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं, त्यामुळं मजकूर सगळा मराठीत. सासूबाईंनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचून दाखवली, 'पूर्वेस बैलगाडीची वाट' वगैरे. १९५६ नंतरचे कन्नड कागद मात्र काकांनी वाचायचे. एकाच जमिनीचे कागद घरातल्या दोन माणसांना वाटून वाचावे लागले.

या सगळ्या धावपळीत ३१ ऑगस्ट २०२५ ला कर्नाटकात नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झालं. मुद्रांक शुल्क, उपकर आणि अधिभार मिळून ५.६ टक्के आधीच होते. म्हणजे ५४ लाखांवर ७.६ टक्के, ४,१०,४०० रुपये. वडगावच्या घोळात तीन महिने गेले नसते तर ५४,००० वाचले असते, याची हळहळ अजून वाटते. शिवाय ५० लाखांच्या वरचं घर, म्हणून विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याचा प्राप्तिकर, आपणच कापून भरायचा. आधीच्या एजंटाच्या तोंडून हे कधी आलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये खरेदीखताचा कच्चा मसुदा आला. काकांनी तो घेऊन आमच्या नव्या घरासमोर, रस्त्यावर उभं राहून वाचला. चतुःसीमेशी आले आणि थांबले. "बाई, पूर्वेला रस्ता लिहिलाय." आमच्यासमोरचा रस्ता पश्चिमेला. लिहिणाऱ्यानं शेजारच्या ओळीतल्या प्लॉटचा मजकूर तसाच उचलला होता. नोंदणी झाल्यावर ही चूक सापडली असती तर दुरुस्तीदस्त करायला मालकांना पुण्याहून पुन्हा बोलवावं लागलं असतं, आणि तोपर्यंत पूर्ण पैसे त्यांच्या खात्यात गेलेले असते.

नोंदणीचा दिवस त्या मानानं सोपा गेला. नोंदणीच्या कावेरी या सरकारी वेबसाइटवर वेळ घेतलेली, ई-खाता तयार, फोटो, अंगठे, सह्या, दीड तासात बाहेर.

ओळखीचे लोक आता मला विचारतात, आम्हीही असा माणूस लावू काय? बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल आणि प्रकल्पाला रेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर असेल, तर मी म्हणेन चांगला वकील पुरे. कागद रेराच्या वेबसाइटवर बघता येतात आणि लेखी करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ घ्यायचं नाही, असं कायदाच सांगतो. पण आपल्याकडं बहुतेक व्यवहार जुन्या घरांचे, माणसामाणसांतले. तिथं रेरा पोचत नाही. तिथं आपल्या बाजूचा एक माणूस हवाच, आणि त्यानं समोरच्याकडून पैसे घेता कामा नयेत.

फेब्रुवारीत खाता ह्यांच्या आणि माझ्या नावावर झाला. काका घरी आले. मी २०,००० चं पाकीट पुढं केलं, त्यांनी ते बाजूला ठेवून आधी खात्याचा कागद मागितला. कन्नडमधली आमची दोघांची नावं, आडनावातलं प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचलं, आधार कार्डाशी ताडलं. मग हेस्कॉमचं विजेचं बिल काढायला सांगितलं. ते अजून जुन्या मालकांच्या नावावर होतं. "हे उद्या करू," म्हणाले, आणि मग पाकीट खिशात ठेवलं.