जांभळ्या बुचाची नळी आणि माझे साडेचार तास

पोळ्याच्या आदल्या दिवशी आप्पांना ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगाचं पार लाकूड. पण बैलांना पुरणपोळी खाऊ घातल्याशिवाय ते रावेर सोडायला तयार होईनात. तिसऱ्या दिवशी जळगावला आणलं. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि डेंग्यूची एनएस-१ तपासणी लिहून दिली. (ही एनएस-१ पहिल्या पाचेक दिवसांतच करा, नंतर तिचा भरवसा कमी.)

आणि मग ती लॅब! साडेअकराला रक्त दिलं, "तासाभरात रिपोर्ट." दोन वाजले, तीन वाजले. विचारलं की काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधून मान न काढता म्हणायचा, "मशीनवर लावलंय, भो." चारला कागद मिळाला. एनएस-१ पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी २,७००, प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) फक्त ३८,०००! माझे पाय लटपटले. दोन रक्तपेढ्यांना फोन करून झाले.

डॉक्टरांनी कागदाच्या तळाची बारीक ओळ दाखवली : नमुन्यात गाठी. जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण रक्त घेतल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावी लागते. त्या पोराने ती तशीच स्टँडमध्ये खोचलेली मी स्वतः पाहिली होती. गाठीत प्लेटलेट अडकतात, मशीन त्या मोजतच नाही. परत रक्त दिलं (परत पैसे मागितले, मी दिले नाहीत). प्लेटलेट १,१२,०००.

पांढऱ्या पेशी मात्र २,९००च. मी म्हटलं, "डॉक्टर, जंतू शिरले की या वाढतात ना?" चार ते अकरा हजार नॉर्मल, एवढं मी कागदावर वाचलं होतं. ते म्हणाले, पू करणारे जिवाणू असले की न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वाढतात. डेंग्यूचा विषाणू मात्र, जिथे या पेशी तयार होतात त्या हाडातल्या मगजालाच दाबतो, म्हणून आकडा घसरतो. गोळी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन बिलकूल नाही. आणि ताप उतरला म्हणून हुरळू नका, धोक्याचे दिवस तेव्हाच. पोट दुखलं, उलट्या लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असली तरी निघा.

सहाव्या दिवशी पांढऱ्या ४,३००, प्लेटलेट ९०,०००. मी घाबरलो, डॉक्टर खूश. "पांढऱ्या आधी वर येतात, प्लेटलेट मागून." तसंच झालं.

त्या दिवशी रक्त घेताना मी पोराच्या डोक्यावरच उभा होतो. "भो, आधी नळी हलव." तोंड वाकडं करून त्याने हलवली. नऊ वेळा. मी मोजलं.