मांडणीवरचा टायर

कराडला हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. २०२४च्या मे महिन्यात एक जोडपं रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ मोटरसायकल घेऊन आलं. जूनअखेर मनालीमार्गे लेहला जायचं होतं. नवऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवला. "दादा, टायर असलेच पाहिजेत, मोठ्या गोट्यांच्या नक्षीचे. आणि मागचा जरा रुंद, १४० मिलिमीटरचा बसवा."

गिऱ्हाइकाचं ऐकण्याआधी मी त्याचा जुना टायर बघतो. मागचा टायर मधोमध पाटासारखा सपाट झालेला, नक्षी झिजून टायर बदलायच्या खुणेला टेकलेली. कडेची नक्षी मात्र जवळपास कोरी. म्हणजे गडी सामान लादून सरळ हायवेने पळणारा. "कच्च्यात किती जाता?" असं विचारलं तर बायकोच हसली.

मग मी सांगत बसलो. इथून मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर, ते सगळं डांबर. तापलेल्या डांबरावर गोट्या साबणासारख्या झिजतात आणि ओल्या घाटात पकड देत नाहीत. अटल बोगद्यापलीकडे नाले लागतात, खडी लागते, पण त्याला दोन्हीकडे चालणारी नक्षी पुरते. १२०च्या रिमवर १४० चढवला की टायरच्या कडा आवळल्या जातात, माथा टोकदार होतो, वर चेन घासायची धास्ती. तुम्ही दोघं, त्यात पेट्या, म्हणून लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीने दिलाय तोच, ६४, म्हणजे २८० किलो. त्याच्या खाली उतरायचं नाही. चाकं तारांची, आत ट्यूब लागते, तेव्हा ट्यूबाही नव्या.

गड्याला पटलं. मलाही जरा फुशारकी चढलीच होती. पोराला वरच्या मांडणीवरून मागच्या मापाचा, १२०/९०-१७ टायर काढायला लावला, फडक्याने पुसून पुढे ठेवला. ताई वाकून बघत होत्या.

"दादा, हे ०८१९ काय?"

टायर बनल्याचा आठवडा आणि साल. २०१९चा आठवा आठवडा. पाच वर्षं हा टायर पत्र्याखालच्या उकाड्यात पडून होता. नक्षी कोरी करकरीत, पण अंगठा दाबला तर रबर हूं की चूं करेना. मुद्दाम खपवत नव्हतो, पण काढताना आकडा पाहिलाच नव्हता, आणि तासभर दुसऱ्याला शहाणपण शिकवत होतो. कानशिलं तापली.

"हा नाही द्यायचा," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून ताजे दोन मागवले. ताईंनी दोन्हींचे आकडे स्वतः वाचले, मगच मी फिरायच्या दिशेचा बाण बघून चढवले. जुन्यातली बरी ट्यूब सोबत बांधून दिली. नवा टायर निसरडा असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर दमानं घ्या, असं बजावलं. गाडीभाडं माझ्या खिशातून.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून पोराला शिडीवर चढवलं. तो एकेक टायर फिरवून आकडे ओरडत होता, मी वहीत लिहीत होतो. असे जुने आणखी तीन निघाले.