मॉरिशस फ्रेम: एका टिंबापायी सातवं पान रखडलं

मंडळी, गेल्या खेपेला तोऱ्यात सांगितलं होतं की 'ओ'पुढचं टिंब छापायचं राहिलेलं बी.आय.ओ.टी.चं (ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, मुख्यतः चागोस बेटं) तिकीट मिळालं, आता माझी मॉरिशसच्या तिकिटांची फ्रेम (प्रदर्शनात मांडायचा पानांचा संच) झालीच म्हणून समजा. शब्द गिळतोय.

सेशेल्सचं ५ सेंटचं काळ्या पोपटाचं तिकीट, त्यावर ओव्हरप्रिंट, म्हणजे नंतर वरून छापलेली 'बी.आय.ओ.टी.' ही अक्षरं. दहापट भिंगाखाली अगदी झकास दिसत होतं. रविवारी रात्री वीज गेली, म्हणून मोबाइलचा उजेड आडवा टाकून पाहिलं, तर टिंबाच्या जागी कागदाचे तंतू उभे! मूळ चित्राचा रंगही तेवढ्याच ठिपक्यापुरता फिका. टिंब छापायचं राहून गेलं असतं तर खालचा रंग जसाच्या तसा असता. हे कुणीतरी ब्लेडनं खरवडलंय. विक्रेत्याचं उत्तर: "स्कॅन बघूनच घेतलंत ना?" सरळ वरून घेतलेल्या स्कॅनमध्ये उठलेले तंतू दिसतात होय! आणि हौसेनं घेतलेल्या यूव्ही टॉर्चनं इथे काडीचा उपयोग केला नाही. आडवा उजेड फुकट आहे, तो आधी वापरा.

तीन दिवस याच टिंबात गेले. साधं बी.आय.ओ.टी. होतंच, तेच लावायला घेतलं, आणि तारखा लिहिताना डोक्यात प्रकाश पडला. मॉरिशसच्या पक्ष्यांच्या तिकीट-मालिकेवर 'सेल्फ गव्हर्नमेंट १९६७' (स्वशासन) हे ओव्हरप्रिंट आलं १ डिसेंबर १९६७ला, बी.आय.ओ.टी. १७ जानेवारी १९६८ला आणि मॉरिशसचं स्वातंत्र्य १२ मार्चला. म्हणजे पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर स्वातंत्र्याचा झेंडा चढायच्या आठ आठवडे आधीच चागोसचं टपाल वेगळं झालं होतं! ब्रिटननं ही बेटं तर नोव्हेंबर १९६५मध्येच मॉरिशसपासून तोडली होती, ३० लाख पौंड मोजून. मी मात्र हे सगळं १९९२च्या प्रजासत्ताकानंतर, शेपटासारखं लावून ठेवलेलं.

तेव्हा पानं पुन्हा उसवली. चागोस आता स्वातंत्र्याच्या आधी. १९६७च्या निवडणुकीचं पानही बदलतोय: स्वातंत्र्य मागणाऱ्या रामगुलाम यांची आघाडी जिंकली खरी, पण सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या दुव्हाल यांच्या बाजूला पडली होती. माझ्या मथळ्यात नुसता जल्लोष होता.

एक गोड बातमी: घामपेटीत (चिकटलेली तिकिटं ओलाव्यानं सोडवायची पेटी) ठेवलेला, पक्ष्यांच्या मालिकेतला १ रुपयाचा डोडो सुटला. पावसाळ्यात ग्लासिन कागदाला घट्ट चिकटला होता. अठरा तास लागले, डिंक थोडा चमकतोय, पण ओव्हरप्रिंट शाबूत. चिमट्यानं उचलताना श्वास रोखला होता.

शेवटच्या पानावर २०२१ घालायचं ठरतंय. जागतिक टपाल संघानं बी.आय.ओ.टी.ची तिकिटं त्या वर्षी अमान्य केली. की तिथे १९६८पूर्वी चागोसहून निघालेलं, मॉरिशसचं तिकीट लावलेलं पाकीट बरं? कुणाकडे असेल तर कळवा. बदल्यात माझ्याकडचं दुबार गुलाबी कबुतराचं तिकीट देतो, टिंबं मोजून.