तपासलेली वही दाखवा, मग शुल्काचे बोलू

थोरली सोळाची, धाकटा चौदाचा, आणि दोघांचेही शिक्षण गेली चार वर्षे घरीच चालू आहे. गणित-विज्ञानाची पुस्तके ठरवायला आम्हाला दोन संध्याकाळी पुरल्या. लेखनाचा अभ्यासक्रम ठरवण्यात मात्र जून ते ऑक्टोबर असे पाच महिने गेले, आणि त्यांतले जवळजवळ तीन एकाच संस्थेच्या पायऱ्या झिजवण्यात.

सुरुवात अर्थातच पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात झाली. "कितवीचे हवे?" या दुकानदाराच्या पहिल्याच प्रश्नाला माझ्यापाशी धड उत्तर नव्हते, तरी त्याने 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'नदीचे आत्मवृत्त' असलेली तीन पुस्तके पुढे ठेवली. ते निबंध पाठ करून परीक्षा निभावते, लिहिता मात्र येत नाही, म्हणून मी शहरातल्या एका लेखनवर्गाकडे वळले. तिथे प्रवेशापूर्वी चाचणी होती आणि तिचे दीड हजार रुपये आधी भरायचे होते.

विषय होता 'आठवणीतील पाऊस'. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा माझी आई लहान होती. थोरलीने तिच्याकडून ऐकलेले लिहिले. त्यातले एक वाक्य मला पाठ आहे: "डब्याच्या कडीखाली गाळाची बारीक रेघ आहे, आजी डबा रोज घासते, पण ती रेघ घासत नाही." आठवड्यात मिळणारा निकाल सात आठवड्यांनी आला: २५ पैकी ११, पातळी मूलभूत, अभिव्यक्तीस वाव. उत्तरपत्रिका मागितली तर "पालकांना दाखवायची पद्धत नाही, मॅडम." लेखी अर्ज दिला, तर त्यावर समन्वयकांची सही हवी आणि समन्वयक रजेवर. पुढच्या खेपेला ते आले होते, पण माझा अर्ज सापडत नव्हता, म्हणून तिथेच बाकावर बसून मी तो पुन्हा लिहिला. सप्टेंबरच्या अखेरीस हाती आलेल्या झेरॉक्सवर, अडीच पानांत मिळून, तपासणाऱ्याचा एकच शेरा होता, आणि तोही नेमका डब्याच्या वाक्यासमोर: "विषयाला धरून लिहा."

त्या दिवसापासून कोणताही अभ्यासक्रम पाहताना मी आधी तपासलेली वही मागते. मुखपृष्ठ, पातळ्या, पानांची संख्या हे सारे नंतर. मुलाच्या वाक्यापाशी तपासणारा थांबतो का आणि थांबून काय विचारतो, एवढे कळले की पुरते.

धाकट्यासाठी आम्ही 'इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग' या अमेरिकन संस्थेची पद्धत घेतली. उताऱ्यातील प्रत्येक वाक्यातून जास्तीत जास्त तीन शब्द टिपायचे, उतारा मिटायचा आणि त्या शब्दांवरून परिच्छेद पुन्हा उभा करायचा. मराठीत मात्र एक अडचण आली: क्रियापद शेवटी येत असल्याने तो नामेच टिपून घ्यायचा आणि मग त्याचे प्रत्येक वाक्य 'आहे' किंवा 'होते'वर येऊन बसायचे. तीनपैकी एक शब्द क्रियापदच हवे, असा नियम घरी केल्यावर वाक्ये हलू लागली. थोरलीला असा साचा नको होता. तिच्यासाठी 'ब्रेव्ह रायटर' या अमेरिकन लेखन-अभ्यासक्रमातले मुक्तलेखन घेतले. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून दहा मिनिटे न थांबता लिहायचे आणि महिन्याच्या चार तुकड्यांतून एकच निवडून सुधारायचा. समासात मी फक्त प्रश्न लिहिते, आणि लाल शाई वापरत नाही (हा माझा हट्ट).

हे खरे तर आधी सांगायला हवे होते: एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिथे घरी शिकणारी मुले दहावी देऊ शकतात) माध्यमिक परीक्षेसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण लागतात, आणि तिथल्या लेखी गृहकार्याला वीस टक्के भार असतो, तेव्हा त्या वर्षी निराळा जाड अभ्यासक्रम लादू नये. पत्रलेखनाचे नमुने जुन्या प्रश्नपत्रिकांवरून शेवटच्या दोन महिन्यांत होतात. त्यासाठी वर्ग लावण्याची गरज नाही.

थोरलीने या महिन्यात सुधारायला डब्याचाच लेख काढला आहे. समासात मी विचारले, "रेघ केवढी?" तेव्हा ती पट्टी घेऊन आजीच्या स्वयंपाकघरात गेली. वर्गाचे दीड हजार मात्र अजून परत आलेले नाहीत. त्यासाठी म्हणे वेगळा अर्ज करावा लागतो.