फिलर करून त्याच रात्रीची गाडी पकडू नका

तुळशीचं लग्न झालं की आमच्या चिपळुणात ब्रायडल मेकअपच्या चौकशा सुरू होतात आणि हल्ली त्यात एक प्रश्न हमखास असतो, ताई लिप फिलर, म्हणजे ओठ भरदार दिसावेत म्हणून सुईने जेली भरतात ते, करून घेऊ का, डोळ्यांखालचे खड्डे पण भरून देतात म्हणे. मी पार्लर चालवते, फिलर करत नाही, आणि कुठल्याच पार्लरवालीने करू नये हे माझं ठाम मत आहे, ते डॉक्टरचंच काम. ते बिनसुईचं पेन असतं ना, ज्याने फिलर नुसत्या दाबाने ओठात ढकलतात, ते वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, ऑक्टोबर २०२१ मध्येच लोकांना सांगितलंय.

पण ज्यांना करायचं त्या करतातच आणि त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. माझा जीव वेगळ्याच गोष्टीने वरखाली होतो. आपल्याकडच्या मुली मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरला जातात, दुपारी फिलर घेतात आणि रात्रीच्याच गाडीने, मुंबईहून असेल तर कोकणकन्येने नाहीतर तुतारीने, परत, म्हणजे राहण्याचा खर्च नको आणि घरात चर्चा नको. आणि नेमकी तीच रात्र जपायची असते.

झालेलं काय असतं, तर बहुतेक फिलर म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडची जेली. ती चुकून रक्तवाहिनीत गेली किंवा बाहेरून तिने रक्तवाहिनी दाबली तर पुढच्या चामडीला रक्त मिळत नाही, पोफळीच्या बागेत पाट बुजला की पुढची झाडं सुकतात तसंच. हे बऱ्याचदा सुई चालू असतानाच डॉक्टरला दिसतं, पण कधीकधी काही तासांनी कळतं, आणि तेव्हा तुम्ही पनवेल सोडून पुढे आलेल्या असता. शिवाय बऱ्याच फिलरमध्ये बधिर करायचं औषध मिसळलेलं असतं त्यामुळे सुरुवातीला दुखत पण नाही, मग वाटतं सगळं मस्त झालं.

सूज येणारच, ओठ तर दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तच सुजलेले दिसतात, सुईच्या जागी काळंनिळं होतं, हात लावला की हुळहुळतं, पण ते दिवसागणिक उतरत जातं, आठवडा दोन आठवड्यात साफ होतं. घाबरायचं कधी, तर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं आणि चामडीचा रंग बदलला तर. आता रंगाचं नीट ऐका कारण परदेशी व्हिडिओत सांगतात की चामडी पांढरीफटक पडते, ते गोऱ्या चेहऱ्यावर. आपल्या सावळ्या चामडीवर ते राखेसारखं, करडं दिसतं, नाहीतर जांभळट जाळीसारखी नक्षी उठते. मुका मार बसल्यासारखा डाग एका जागी असतो, ही जाळी मात्र पसरते, आणि सुई ओठात दिलेली असली तरी नाकाच्या बाजूला पण दिसू शकते. ती जागा हाताला गार लागते. ओठ उलटून आतली बाजू पण बघा, तिथे रंगातला फरक लवकर कळतो. दोन-तीन दिवसांनी तिथे पुवाच्या बारीक पुळ्या येतात आणि आपण त्यांना पिंपल समजून क्रीम लावत बसतो, तोवर चामडी मरायला लागलेली असते.

मागच्या सीझनला माझ्या एका नवरीमुलीने रात्री फोटो पाठवला. जिथे केलं त्यांनी फोनवर सांगितलं सूज आहे, बर्फ लाव, आणि नंतर फोनच उचलला नाही. तिची आई पण म्हणत होती, अगो सुई टोचल्यावर सुजायचंच. फोटो पिवळ्या बल्बखाली काढलेला, काही कळेना, म्हणून व्हिडिओ कॉल लावला, पांढऱ्या लाइटखाली बसवलं आणि आईला म्हटलं, काकू वरच्या ओठाची उजवी बाजू बोटाने दाबा आणि सोडा. उजवीकडे लगेच रंग परत आला. डावीकडे दाबलं तर बोटाचा फिका ठसा तसाच, चार आकडे म्हणेपर्यंत हलला नाही. निरोगी चामडीत दोन सेकंदांच्या आत रंग भरतो. मी डॉक्टर नाही, पण तो ठसा बघून म्हटलं बर्फ काढा, बर्फाने रक्तवाहिन्या अजून आवळतात, कोमट फडकं ठेवा आणि आत्ताच्या आत्ता निघा.

यावर औषध आहे, हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन, ते ही जेली विरघळवतं. जितकं लवकर तितकं बरं, पहिले काही तास लाखमोलाचे. आपल्या भागात ते मिळेल कुठे हा खरा प्रश्न, आणि मला त्याच रात्री कळलं की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भूल देताना पण हेच वापरतात, म्हणून डोळ्यांच्या हॉस्पिटलात असू शकतं. तिच्या स्किनच्या डॉक्टरांनी तिथूनच मागवलं आणि ओठ वाचला. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगभर ॲलर्जी आली असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा, या औषधाची पण येऊ शकते. आणि लक्षात घ्या, कॅल्शियमवाले किंवा बाकीचे फिलर याने विरघळत नाहीत, त्यामुळे कुठलं घातलंय ते माहीत हवंच.

डोळ्याचं तर विचारूच नका. भुवयांच्या मध्ये, नाकावर, कपाळावर सुई दिली की जेली उलटी डोळ्याच्या रक्तवाहिनीत जाऊ शकते, अचानक दिसेनासं होतं, डोळा ठणकतो, पापणी पडते, मळमळतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला तास-दीड तास रक्त मिळालं नाही की नजर बहुतेक परत येत नाही. म्हणून नाकाचं फिलर मी तरी कुणाला सुचवणार नाही, लग्न असो की काही असो.

करायचंच असेल तर लग्नाच्या निदान महिनाभर आधी करा, हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का ते तोंडावर विचारा, रात्री उचलला जाईल असा नंबर घ्या, आणि ती रात्र त्याच शहरात मावशीकडे, मैत्रिणीकडे, कुठेही काढा. सिरिंजच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, त्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो. तो फोटो डिलीट करू नका कारण काही महिन्यांनी सुद्धा, एखादा ताप येऊन गेल्यावर किंवा दाताचं काम केल्यावर, तिथे लालसर दुखरी गाठ येऊ शकते. ती दाबायची नाही, मसाज करायचा नाही, फेशियल तर अजिबात नाही, मी करून देणार नाही, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा आणि तो फोटो दाखवा.